आर्जानं चाखल्याशिवाय

आर्जा जेवत नव्हती, आणि आर्जा जेवत नव्हती म्हणून जिल्दोही उपाशी होता.

बोर्गोरेतोत ही गोष्ट एव्हाना घरोघरी झाली होती. नोव्हेंबरच्या धुक्यात आर्जाला न्यूमोनिया झाला, बायकांनी देवळात मेणबत्त्या लावल्या, ताप उतरला, छाती मोकळी झाली. आता बाई ठणठणीत होणार असं सगळे म्हणत असताना बाई खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली ती बसलीच. ताट पुढे केलं की हातानं बाजूला सारायची. चिडणं नाही, रडणं नाही. "नको रे," एवढंच. दिवसाकाठी घोटभर दूध आणि साखर घातलेली कॉफी. डॉक्टरांनी घसा तपासला, पोट दाबून पाहिलं आणि दाराबाहेर येऊन जिल्दोला सांगितलं, "आजार राहिलेला नाही. पण यांनी असंच चालवलं तर नाताळ काही दिसत नाही मला."

जिल्दोनं मान हलवली, आत आला आणि दुपारच्या स्वयंपाकाला लागला. दुसरं काय करणार? जन्मभर त्याला तेवढंच येत होतं.

दुपार झाली की तो धुतलेला पांढरा ॲप्रन बांधायचा, हातावर फडकं टाकायचा, थाळीवर झाकण ठेवायचा आणि आर्जाच्या खुर्चीसमोर टाचा जुळवून उभा राहायचा. सत्तरी ओलांडलेला माणूस, चालताना गुडघे कुरकुर करतात, पण त्या वेळी पाठ कशी ताठ! "आजचं जेवण हजर आहे," म्हणायचा. लग्न झाल्यापासून हे असंच चाललेलं. आर्जा चमचा उचलायची, चाखायची आणि तोंडातून काय निघेल याचा नेम नसायचा.

"हे सूप आहे की तोफ धुतलेलं पाणी?"

"मीठ काय कोठीत कुलूप लावून ठेवलंस?"

"आज तुझी पलटण बंड करणार बघ, जिल्दो."

चांगलं झालंय, हा शब्द तिनं कधी उच्चारला नाही. न बोलता दुसरा चमचा उचलला की जिल्दोनं समजून घ्यायचं. मग तो स्वतःचं ताट वाढून घ्यायचा. त्याआधी घास घ्यायचा नाही म्हणजे नाही.

आर्जाची भाची विल्मा रोज येऊन घरकाम उरकून जायची. तिच्यानं हे बघवेना. "काका, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दोन घास खाऊन घ्या ना. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," जिल्दो म्हणाला.

संध्याकाळी तेवढी पावाची कड दुधात बुडवून खायचा, कारण तो ज्या रेजिमेंटचा आचारी होता तिथेही संध्याकाळच्या पावाला चाखणी लागत नसे. पँट कमरेला ठरेना, सुतळी बांधून फिरायचा. आणि आर्जाला त्याची दया येत होती म्हणाल, तर छे! "तुझ्या अंगावर चरबी आहे," ती म्हणायची, "तुझं चालेल अजून थोडे दिवस."

ही चाखणी जिल्दोनं काही स्वतःच्या डोक्यातून काढलेली नव्हती. ती रेजिमेंटची रीत. मैदानी तोफखान्याची रेजिमेंट होती ती, बोर्गोरेतोच्या जुन्या मठात तिची छावणी. दुपारचं जेवण तयार झालं की पहिली थाळी कर्नलसाहेबांकडे जायची. साहेब कितीही कामात असोत, चमचा उचलायचे. ते चाखत नाहीत तोवर अंगणात डबे घेऊन उभ्या असलेल्या पोरांना कुणी पळीभर वाढायचं नाही. साहेब उशिरा आले तर अख्खी रेजिमेंट उपाशी. म्हणूनच साहेब उशिरा येत नसत. लढाईत चुकलेल्या अधिकाऱ्याला तिथे माफी मिळायची, पण भुकेल्या पोरांना ताटकळत ठेवणारा हलकट तो हलकटच.

काय दिवस होते ते! दुपारी छावणीतून जेवणाचा बिगुल वाजला की गावातल्या बायका उकळत्या पाण्यात पास्ता सोडायच्या. घड्याळ कुणाला हवंय? बिगुल आहे ना! सकाळी घोडे नदीवर पाणी प्यायला जायचे, तेव्हा सगळ्या गल्लीच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि पोरींच्या वेण्या नेमक्या त्याच वेळी खिडकीत घातल्या जायच्या. रेजिमेंट शेवटी गाव सोडून गेली, त्यानंतर कित्येक महिने बोर्गोरेतोत पास्ता कधी कच्चा तर कधी लगदा होत होता. हे कुणी लिहून ठेवत नाही. छावणीच्या दारावर संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर लढाया आहेत, नद्यांची नावं आहेत, मानाची पदकं आहेत. सुपाबद्दल एक अक्षर नाही.

जिल्दोच्या लेखी मात्र रेजिमेंटचा इतिहास म्हणजे कुठे काय शिजलं. वाळवंटात खाऱ्या पाण्यात भात शिजवला तो उन्हाळा. अल्बानियाच्या डोंगरात जवळजवळ काहीच शिजलं नाही तो हिवाळा. त्रेचाळीसच्या सप्टेंबरात सरकारनं शत्रूशी तह केला, वरून हुकूम येईना, कर्नलनी अंगणात सगळ्यांना गोळा करून 'पोरांनो, घरी जा' म्हटलं आणि हातात घेतलेली टोपी परत डोक्यावर घालायला विसरले, त्या दिवशी चुलीवर मसूर होता. तो तसाच राहिला. त्या दिवशी चाखायला कुणी नव्हतं आणि खायलाही. जिल्दो सांगायचा, "रेजिमेंट बुडाली ती तेव्हा. कागदावर नंतर बुडाली."

लढाई संपल्यावर सरकारनं तोच नंबर देऊन रेजिमेंट पुन्हा उभी केली. घोड्यांच्या जागी ट्रक आले, तोफा अमेरिकन आल्या, पण चुली त्याच होत्या आणि चुलीपुढे जिल्दो तोच होता, आता साध्या कपड्यात. नवे कर्नल आले, नवी पोरं आली. दक्षिणेकडची पोरं पहिल्या हिवाळ्यात धुकं बघून रडायची. जिल्दो त्यांना एक पळी जास्त वाढायचा आणि वर शिव्याही द्यायचा, म्हणजे त्यांना घरच्यासारखं वाटे. मग एके वर्षी राजधानीतून फर्मान आलं, रेजिमेंट लहान झाली, दुसऱ्या गावाला गेली. मठाच्या दाराला साखळी लागली. अजूनही तिथून जाताना जिल्दो त्या भिंतीला हात लावून जातो. वेडेपणा आहे, पण जातो.

आणि आर्जा? आर्जा त्याला मिळाली तीही याच चाखणीमुळे. ती बेकरीवाल्याची मुलगी, गाडीवरून छावणीत पाव पोचवायची. त्या दुपारी जिल्दो घेवड्याचं सूप घेऊन कर्नलकडे निघाला होता. आधीचा आचारी आजारी पडला म्हणून तोफेवरून उचलून त्याला चुलीवर बसवलं होतं. कर्नलनी चाखलं आणि म्हटलं, "उत्तम!" ते रोजच उत्तम म्हणायचे, माती दिली असती तरी म्हणाले असते. जिल्दो छाती फुगवून परत फिरला, तर ही पाववाली गाडीवरून उतरली, हातातला पावाचा तुकडा सरळ थाळीत बुडवला, खाल्ला आणि म्हणाली, "उत्तम? दाणे कच्चे आहेत. ही पोरं रात्रभर पोट धरून बसतील."

जिल्दोनं एक दाणा दाताखाली धरला. कच्चा होता. त्याच क्षणी त्यानं ठरवलं की लग्न करायचं तर हिच्याशीच. नाहीतर खरं कोण सांगणार?

तर अशी ही बाई, आणि आता तिला चाखायचंच नव्हतं. जिल्दोनं सगळं करून पाहिलं. कोंबडीचा रस्सा केला, भोपळा भरलेले पास्त्याचे तुकडे केले, तिच्या आईच्या पद्धतीचा बदामाचा केक केला. "नको रे." रात्री कूस बदलून तिच्या श्वासाचा कानोसा घ्यायचा आणि मनात म्हणायचा, देवा, हिच्याआधी मला ने. मग लगेच म्हणायचा, नको, मग हिला रांधून कोण घालेल? त्याला धड मरताही येत नव्हतं.

अशात एका सकाळी सिस्तो आला. सिस्तो तोफेवर नेम धरायचा. सगळे तोफखान्यातले म्हातारे थोडेफार बहिरे असतात, सिस्तो पूर्ण होता, आणि त्यामुळे त्याची कुजबुज चौकापलीकडे ऐकू जायची. गावातल्या जुन्या तोफचींच्या संघाचा तोच अध्यक्ष. सांता बार्बराचा सण जवळ आला होता. ती तोफखान्याची राखणदार संत, डिसेंबरच्या चार तारखेला दर वर्षी सगळे म्हातारे एकत्र जेवायचे. त्याचं ठरवायला आला आणि जिल्दोची सुतळी बांधलेली पँट बघून चरकला.

"अरे, तू तर वाळलास!" तो स्वयंपाकघरात ओरडला. "दोघंही मरायला निघालात काय?"

"हळू बोल. ती पलीकडे आहे."

"हळूच बोलतोय!" सिस्तो गर्जला. "हे बघ, सोपं आहे. दुधात दोन अंडी फेट, वर मटणाचा दाट अर्क घाल, साखर घाल. तिला पत्ताही लागणार नाही!"

"नाही," जिल्दो म्हणाला.

"का नाही?"

"न सांगता एकदा वाढलंय मी. परत नाही वाढणार."

सिस्तोला हे ओठांवरून कळलं, आणि त्यानं अंड्यांचा विषय सोडला. कारण ती गोष्ट त्यालाही माहीत होती, तोही तिथे होता.

अल्बानियाचा डोंगर. बर्फ, चिखल, आणि खालून रसद येणं बंद. तोफ ओढायला सहा घोडे, त्यांच्या तीन जोड्या. मधल्या जोडीवर फेर्मो नावाचा शेतकऱ्याचा पोरगा बसायचा, बिजा नावाच्या करड्या घोडीवर. स्वतःच्या वाट्याचा पाव अर्धा तिला द्यायचा, थंडीत तिच्या पोटाला टेकून झोपायचा. पोरं चिडवायची, लग्न लावून देऊ का म्हणून. एकदा फेर्मोला खाली दरीत गोळे आणायला पाठवलं होतं, तेव्हा बिजाचा पाय दरडीत अडकून मोडला. तिला गोळी घालावी लागली. माणसं उपाशी होती. वरून हुकूम आला, शिजव. जिल्दोनं शिजवलं. थाळी कर्नलकडे नेली. कर्नलनी चाखलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा उत्तम म्हटलं नाही. "वाढा," म्हणाले आणि तोंड फिरवलं.

फेर्मो परत आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. जिल्दोला वाटलं, सांगितलं तर हा खाणार नाही, आणि खाल्लं नाही तर हा सकाळ बघणार नाही. त्यानं डबा भरून पुढे केला. फेर्मोनं हावरटासारखं खाल्लं, डबा चाटला, पुन्हा पुढे केला. जिल्दोनं पुन्हा वाढलं. मग पोटात ऊब आली तसं पोरानं खिशातून पावाचा तुकडा काढला आणि विचारलं, "बिजा कुठे बांधलीये? तिच्यासाठी ठेवलाय."

फेर्मोनं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग डब्यात पाहिलं. शिवी दिली नाही, हात उगारला नाही. डबा बर्फानं घासत राहिला, घासतच राहिला.

त्यानंतर फेर्मोनं जिल्दोच्या हातचं खाल्लं नाही. लढाईत नाही, गावात परतल्यावर नाही. दर सांता बार्बराला खानावळीतलं जेवण जिल्दोच रांधायचा आणि फेर्मो रुमालात बांधलेला पाव आणि चीज घेऊन यायचा. कोपऱ्यात बसून तेच खायचा. आर्जा दर वर्षी त्याच्यापुढे थाळी मांडायची आणि शेवटी कोरीच उचलायची, एक शब्द न बोलता. घरी येऊन मात्र नवऱ्याला सोडायची नाही.

"सांगून वाढायचं होतंस. खायचं की नाही ते त्याचं त्यानं ठरवलं असतं."

"मेला असता तो!"

"मेला असता. पण तुझा मित्र म्हणून मेला असता."



स्वयंपाकघरात सिस्तो टेबलावर बोटं वाजवत होता. मग एकदम उठला. "तू उपाशी राहिलास तर तिला फरक पडत नाही," तो म्हणाला. "नवरा आहेस, नवऱ्याचं काय! पण अख्खी तुकडी उपाशी उभी राहिली तर? अरे, ती पोरांच्या पोटासाठी कर्नलच्या थाळीत पाव बुडवणारी बाई आहे. पोरं भुकेली ठेवणार नाही ती! या वर्षी जेवण खानावळीत नाही, तुझ्या अंगणात. सगळे डबे घेऊन रांगेत. ती चाखेल तेव्हाच वाढायचं!"

हे सगळं त्यानं कुजबुजून सांगितलं. समोरच्या घरातल्या बाईनं खिडकी उघडून बघितलं.

जिल्दोनं विचार केला. यात लबाडी नव्हती. चाखायचं, मगच वाढायचं, हा तर नियमच होता. "पण एक," तो म्हणाला. "सगळ्यांनी खरंच उपाशी यायचं. सकाळपासून काही नाही. भूक लागल्याचं नाटक मला चालणार नाही."

चार तारखेला पहाटेपासून धुकं होतं. जिल्दोनं पिसारेई करायचं ठरवलं होतं, शिळ्या पावाचा चुरा मळून केलेले नखाएवढे गोळे, प्रत्येक गोळा अंगठ्यानं दाबून खोलगट करायचा, म्हणजे घेवड्याचा रस्सा त्यात बसतो. हे आर्जाचं काम. तिचा अंगठा तोफेसारखा चालायचा. आता जिल्दो आणि विल्मा आदल्या दिवसापासून दाबत बसले होते आणि आर्जा खुर्चीतून बघत होती. "वाकडे होतायत," एवढं एकदा म्हणाली. जिल्दोला तेवढ्यानंही बरं वाटलं.

देवळातली प्रार्थना संपल्यावर म्हातारे अंगणात जमले. गळ्यात तोफखान्याचे पिवळे रुमाल, हातात गंजलेले फौजी डबे. ज्याचा डबा हरवला होता त्यानं घरचं पातेलं आणलं होतं.

"काही खाल्लं नाही ना कुणी?" जिल्दोनं विचारलं.

"कॉफी घेतली फक्त!" सिस्तो ओरडला.

"आणि?"

"आणि एक बन. लहान होता रे!"

"रांगेत शेवटी उभा राहा."

"अध्यक्ष आहे मी!"

"बन खाल्लेला अध्यक्ष आहेस. शेवटी."

बाकीचे खरंच उपाशी होते. कढईचा वास सुटला तसे ते लहान मुलांसारखे पाय आपटायला लागले. जिल्दोनं थाळी भरली, झाकण ठेवलं, फडकं हातावर टाकलं आणि आत गेला. चालताना झाकण खडखडत होतं.

"आजचं जेवण हजर आहे."

आर्जानं खिडकीतून बाहेर पाहिलं. "ही माकडं अंगणात काय करतायत?"

"जेवायला आलेत."

"मग वाढ ना."

"तू चाखल्याशिवाय कसं वाढू?"

आर्जा त्याच्याकडे बघत राहिली. मग हसली, पण ते हसू जिल्दोला आवडलं नाही, फार लांबून आल्यासारखं होतं. "अरे वेड्या, सिस्तोची कुजबुज नदीपलीकडे जाते. मला सगळं माहीत आहे. घरी जाऊ दे त्यांना. बायका आहेत त्यांच्या, वाढतील. थंडीत कशाला उभं करतोस?"

"आर्जा, एक चमचा."

"नको रे. खूप चाखलं. आता कंटाळा आलाय मला."

थाळी हातात घेऊन जिल्दो तसाच उभा राहिला. संपलं, त्याला वाटलं, आता खरंच संपलं. हिला आता माझा कंटाळा आलाय, जेवणाचा नाही. बाहेर म्हातारे पाय आपटायचे थांबले होते. आतलं काही त्यांना ऐकू जात नव्हतं, पण जिल्दोची पाठ वाकलेली त्यांना खिडकीतून दिसत होती.

तेवढ्यात फाटक वाजलं. धुक्यातून एक उंच, वाकलेला माणूस सायकल ढकलत आत आला, सायकल भिंतीला टेकवली आणि सिस्तोच्याही मागे जाऊन उभा राहिला. हातात डबा होता. रुमालाची पुरचुंडी नव्हती.

आर्जा खुर्चीत पुढे सरकली. काचेवरची वाफ तिनं हातानं पुसली. मग दोन्ही हातांनी धडपडत खिडकी उघडली. थंडी आत आली.

"फेर्मो!" तिचा आवाज चिरका आला. "तुझी पुरचुंडी कुठाय?"

"घरी," फेर्मो म्हणाला.

"मग खाणार काय तू?"

"हा वाढेल ते." त्यानं जिल्दोकडे बघितलं नाही. "तू जेवत नाहीस असं कळलं. सकाळपासून पोटात काही नाही, बाई. सायकलवर आलोय त्या टेकडीवरून. किती वेळ लावतेस अजून?"

अंगणातल्या सगळ्यांनी माना खिडकीकडे वळवल्या. सिस्तोला काही ऐकू आलं नव्हतं, पण त्यानंही वळवली.

"आण इकडे," आर्जा म्हणाली.

जिल्दोनं झाकण काढलं. तिनं चमचा घेतला, अर्धा रस्सा मांडीवर सांडला. एक पिसारेई, दोन दाणे. तिनं ते तोंडात घोळवले, चावले, बराच वेळ चावले आणि गिळले.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "पण दाणे शिजलेत. वाढ पोरांना, मेले की ते थंडीनं."

अंगणात जो काही गलका झाला! कुणी पातेल्यावर चमचा बडवत होतं, कुणी सांता बार्बराच्या नावानं ओरडत होतं. जिल्दो बाहेर आला, ॲप्रननं तोंड पुसलं, मीठ टाकलं आणि वाढायला लागला. एकेकाचा डबा भरत होता, एकेकजण त्याच्या खांद्यावर थाप मारून पुढे सरकत होता. रांग संपत आली तशी पळी जड व्हायला लागली. सिस्तोला वाढलं. मग फेर्मो समोर आला.

त्यानं डबा पुढे केला नाही. छातीशी धरून उभा राहिला. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, आणि इतक्या जवळून जिल्दोनं त्या कधी बघितल्याच नव्हत्या.

"यात काय आहे?" फेर्मोनं विचारलं.

जिल्दोनं एकेक नाव घेतलं. "शिळा पाव. घेवडा. टोमॅटो, कांदा. डुकराची चरबी, थोडी. मीठ."

"एवढंच?"

"एवढंच." मग त्यानं पळी खाली केली. "मी सांगायला हवं होतं, फेर्मो. तेव्हाच. तुला सांगून मग वाढायला हवं होतं."

फेर्मो कढईतल्या वाफेकडे बघत राहिला. "मी खाल्लं नसतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मेलो असतो मी."

"माहीत आहे."

"मग वाढ," फेर्मो म्हणाला आणि डबा पुढे केला.

जिल्दोनं वाढलं. फेर्मो भिंतीकडे तोंड करून उभ्या उभ्या खाऊ लागला. त्याचे खांदे हलत होते, रडतोय की खातोय ते कुणाला कळत नव्हतं आणि कुणी विचारायलाही गेलं नाही. जिल्दो पळी हातात धरून तसाच उभा होता. त्याला स्वतःचं ताट वाढून घ्यायचं सुचलंच नाही.

मागून खिडकीची फळी आपटली.

"जिल्दो!" आर्जा ओरडली. सगळे म्हातारे मान वळवून बघायला लागले. "गावाला वाढलंस, त्या बन खाल्लेल्यालाही वाढलंस. चाखणं म्हणजे जेवण झालं काय? माझं ताट कुठाय?"